सर पोचले

“फोनच्या यादीत बघायचं नाही, कानाने ऐकायचं. दोन घंट्या वाजून बंद झाला तर सर ठीक आहेत. तिसरी वाजली तर हातातलं टाकून उचलायचा.”

कॅप्टनताईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी बाळाच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढत होते आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. मी म्हटलं, हो गं ताई, मला काय नवीन आहे का, चार वर्षं हेच तर केलं. ती म्हणाली, तेव्हा तू घंटी देत होतीस, आता घ्यायची आहे. मी पुन्हा हो म्हटलं. पुढचं वाक्य ऐकू येऊ नये म्हणून माणूस जसं हो म्हणतो, तसं.

सर म्हणजे आमचे बास्केटबॉलचे कोच. दिवसा कारखान्यात स्टोअरकीपर आणि संध्याकाळी साडेपाचपासून मुलींचा संघ. तरुणपणी ते स्वतः कारखान्याच्या संघातून खेळायचे. एका उडीत उजवा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालता येतंय त्यातच समाधान माना. मुलांच्या संघाला कोच होता. मुलींच्या संघाला नव्हता, कारण मुलींचा संघच नव्हता. सरांनी तो घरोघर फिरून जमवला आणि प्रत्येक आईला शब्द दिला की मुलगी दिवेलागणीला घरी असेल. त्या शब्दाला चाळीस वर्षं जागले. एवढ्या काळात चार वेळा संघ अंतिम सामन्यात गेला, तीनदा हरला, एकदा जिंकला, तोही एकतिसाव्या वर्षी. जिंकल्याचा फोटो अजून सरावाच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात सर नाहीत. फोटो काढला तेव्हा ते बसच्या दाराशी उभे राहून मुली मोजत होते.

नवीन मुलीला ते तीन आठवडे चेंडूला हात लावू देत नसत. नुसतं पायांचं काम. गुडघे वाकवून आडवं सरकायचं, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, पाय एकमेकांना लागू न देता. एकदा माझ्या वडिलांनी विचारलं होतं, “खेकड्यांचा संघ काढताय का?” सर म्हणाले, “खेकडा कधी अडखळून पडलेला बघितलाय का तुम्ही?”

समोरच्याला अडवताना कुठे बघायचं, हा त्यांचा आवडता धडा. चेंडूकडे बघू नका. चेंडू फसवतो, डोळे फसवतात, खांदेसुद्धा फसवतात. पोटाकडे बघा. पोट जिकडे, माणूस तिकडे. मला हे लवकर जमलं. कोण कुठे वळणार, कोणाचा दम संपलाय, कोणाचा घोटा दुखतोय आणि ती लपवतेय, सगळं मला दिसायचं. सरांनी माझं नाव ठेवलं दुर्बीण. मला ते फार आवडायचं. आता कोणी त्या नावाने हाक मारली की मान खाली जाते.

घंटीचा नियम माझ्या आधीचा. कॅप्टनताई चौदा वर्षांची असताना सरावाहून सायकलवर घरी जात होती आणि वळणावर रस्त्याकडेच्या चरात पडली. मांडीचं हाड मोडलं. घरच्यांना वाटलं, सराव लांबला असेल. सरांना वाटलं, पोचली असेल. दोन तास ती चरात होती आणि वरून लोक जात होते. तिचा डावा पाय तेव्हापासून जरा आखूड आहे. तिचा खेळ संपला, पण सरांनी तिला संघाबाहेर जाऊ दिलं नाही. ‘कॅप्टन’ हे नाव दिलं आणि गुणफलकाशी बसवलं. तिथूनही ती आम्हाला हुकूम सोडायची.

त्यानंतर नियम झाला. घरी पोचलं की हॉलच्या ऑफिसातल्या फोनवर दोन घंट्या द्यायच्या आणि ठेवायचं. वाटेत काही अडचण असेल तर ठेवायचं नाही, तिसरी वाजू द्यायची, सर उचलतील. तो फोन जुना होता, नंबर दिसत नसे. म्हणून सर फक्त मोजायचे. चौदा मुली, चौदा वेळा दोन घंट्या. चौदा झाल्या की दिवे बंद करून ते घरी जायचे.

एकदा मी विसरले. परस्पर मैत्रिणीकडे गेले, तिच्याकडे मांजरीला पिल्लं झाली होती. सरांकडे तेरा झाल्या. कोण राहिलं हे कळायला मार्ग नाही, म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्याने सायकल मारत ते एकेकीच्या घरी गेले. माझं घर यादीत शेवटचं. मी नुकतीच परतून जेवायला बसले होते. दारात उभं राहून ते एवढंच म्हणाले, “पोचलीस ना.” वडिलांनी पाणी विचारलं तर नको म्हणाले, अजून हॉलचे दिवे चालू आहेत.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता पन्नास फेऱ्या. फेऱ्या झाल्या, पण बाकी तेरा जणींच्या. मला सर म्हणाले, “तू बस. मोज.” मी बाकावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजल्या. लांबी नावाची आमची सगळ्यात उंच मुलगी दर फेरीला माझ्यासमोरून जाताना डोळे वटारायची. पळणं परवडलं असतं.

पुढे मी कॉलेज केलं, नोकरी केली, लग्न केलं, आणि मग बाळ झालं. सर निवृत्त झाले, पण संध्याकाळी हॉलवर जाणं सुटलं नाही. पहिली-दुसरीतल्या चिमुरड्यांना खेकड्यासारखं चालायला शिकवायचे. काकू गेल्या. मुलगा तर विमानानेच जावं लागेल इतका लांब. सर हॉलच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे. तेव्हा कॅप्टनताईने डाव उलटवला. आम्हा जुन्या मुलींच्या पाळ्या लावल्या, एकीला एक आठवडा. सरांनी रोज सकाळी साडेसहाला जिची पाळी तिला दोन घंट्या द्यायच्या आणि तिने आमच्या ग्रुपवर लिहायचं, ‘सर पोचले.’

सर कुरकुरले होते. “मी घरातच असतो. पोचायचं कुठं?”

ताई म्हणाली, “सकाळपर्यंत.”

माझी पाळी आली तेव्हा बाळ साडेसात महिन्यांचं होतं आणि दात येत होते. ज्यांनी हे काढलंय त्यांना सांगायला नको. सोमवारी सरांची पहिली घंटी वाजली आणि नुकतंच झोपलेलं बाळ जे किंचाळलं ते नऊपर्यंत. मी त्याच दिवशी सरांचा नंबर मुका केला. नवरा म्हणाला, अगं, ते ऐकायचं असतं ना? मी म्हटलं, यादीत दिसतंच की, ऐकलं काय आणि बघितलं काय. मंगळवारी यादीत सरांचं नाव होतं, सहा तीस. बुधवारी सहा एकतीस. मी ‘सर पोचले’ लिहिलं. पोरींनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

त्या काळात मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. दिवसातून वीस वेळा, कधी तीस. चादर जरा वर सरकली की धावत जायचे. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या, इतकं कोणी बघतं का हो? मी बघत होते. म्हणजे एका जिवाला मी श्वासागणिक तपासत होते आणि दुसऱ्याला यादीत.

गुरुवारी मी नऊला फोन हातात घेतला. यादीत नाव होतं. सर, सहा बावन्न. एकदाच. मनात आलं, आज वीस मिनिटं जास्त झोपले, चांगलं झालं. लिहिलं, ‘सर पोचले.’

दुपारी कॅप्टनताईचा निरोप आला. आज वेळेवर आली का घंटी? मी लिहिलं, जरा उशिरा, सहा बावन्न. तिने लगेच विचारलं, “दोनच वाजल्या ना?”

मी तो प्रश्न वाचला, तेव्हा बाळ मांडीवर होतं आणि माझ्या साडीची किनार चावत होतं. खरं उत्तर होतं, माहीत नाही, फोन मुका होता. ते लिहिलं असतं तर ताई रागावली असती आणि अर्ध्या तासात लंगडत सरांच्या जिन्यावर गेली असती. तिची बोलणी खायला नकोत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी लिहिलं, “हो.”

शुक्रवारी सकाळी यादीत नाव नव्हतं. सात वाजले. मनात पाल चुकचुकली. मी फोन लावला तर सरांचा बंद. ताईला लावला. ती तशीच निघाली. दार आतून लावलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आणि त्याच्या मोठ्या भावाने ते खांद्याने तोडलं.

सर स्वयंपाकघर आणि खोलीच्या मधल्या उंबऱ्यात पडलेले होते. शुद्धीत. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले. गुरुवारी सकाळी फडताळावरून फोन घेऊन वळताना पाय अडखळला होता. चाळीस वर्षं शेकडो मुलींना न अडखळता चालायला शिकवलेला माणूस उंबऱ्याला अडखळला. पडल्या पडल्या त्यांनी नंबर लावला होता. मग फोन निसटून कपाटाखाली गेला. ओरडून बघितलं, पण तो आवाज त्यांनी हॉलमध्ये कधीच संपवला होता आणि खाली शिंप्याची यंत्रं चालू होती. शिट्टी खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडे बघत ते एक दिवस आणि एक रात्र पडून राहिले.

पडल्यावर नंबर लावल्याचं सरांकडून मागाहून कळलं, बाकी सगळं मला ताईने सांगितलं. मी फोनवर ऐकत होते आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरून उभी होते.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, इतका वेळ पाण्यावाचून पडून राहिल्याने मूत्रपिंडांवर ताण आलाय, ऑपरेशन चार दिवस थांबवावं लागेल. तासाभरात आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे वाक्य ते आमच्याकडे न बघता, कागदावर लिहिता लिहिता बोलले.

सरांच्या खाटेशी ताई एका बाजूला, मी दुसऱ्या. ताईने विचारलं, “सर, घंटी दिलीत तेव्हा उभे होतात की पडलेले होतात?”

सर आधी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, खाली, पोटाकडे. जिथे मी दोन्ही हातांनी पिशवीचे बंद पिळत होते.

“उभा होतो,” ते म्हणाले. “दोन दिल्या, ठेवला. मग पडलो.”

ताईने श्वास सोडला. एका म्हाताऱ्या, मोडलेल्या माणसाने मला पाठीशी घातलं आणि मी घालू दिलं.

ताई औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं, “सर, किती वाजल्या?”

“संपेपर्यंत.” मग म्हणाले, “बाळाला दात आले का?”

“वरचे दोन. सर, तुम्ही ताईशी खोटं का बोललात?”

“सामना चालू असलेल्या खेळाडूला बाहेर ओढून झापायचं नसतं. तुझा घरी चालू आहे.” त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तर म्हणाले, “चेंडू बघत होतीस ना, दुर्बीण?”

झापलं असतं तर बरं झालं असतं.

अकरा दिवस मी गप्प राहिले. त्या दिवसांत माझं दूध आटलं, नवऱ्याशी उगाच भांडले, फोन वाजला की दचकायचे आणि नाही वाजला की जास्त दचकायचे. नवरा म्हणाला, सांगून टाक, नाहीतर हे तुला खाईल. मी म्हटलं, सांगितलं तर ताई मला तोंड दाखवू देणार नाही. तो म्हणाला, तेही खरंच आहे. मला त्याच्याकडून खोटा धीर हवा होता. तो कधीच देत नाही.

बाराव्या दिवशी बाळाला कडेवर घेऊन मी ताईच्या शाळेत गेले. ती तिथे प्रयोगशाळा सांभाळते. ती परीक्षानळ्या धूत होती आणि लाकडी स्टँडवर एकेक उलटी लावत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुका फोन, सहा बावन्न, आणि ते एक ‘हो’. सरांनी मला वाचवलं, तेही. तिचे हात थांबले नाहीत. शेवटची नळी लावून झाल्यावर तिने नळ बंद केला.

“चरात असताना मला लोकांची बोलणी ऐकू येत होती,” ती म्हणाली. “एक बाई कोणाला तरी सांगत होती, या मुली बघ कशा वेळेवर घरी जातात. सरांना खालून यंत्रं ऐकू येत असतील.”

मी रडायला लागले. तिने बाळाला माझ्याकडून घेतलं, कारण ते घसरत होतं.

“रडून मला काही उपयोग नाही,” ती म्हणाली. “मी विचारलं होतं तुला. विचारलं होतं की नाही?”

“विचारलं होतंस.”

बराच वेळ ती बाळाला खिडकीशी उभं करून बाहेरचं दाखवत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “सरांना घरी सोडलं की डॉक्टर रोज जिन्याचा व्यायाम सांगणार आहेत. वॉकर सोडून, कठड्याला धरून उतरायचं, मग चढायचं. तू बस. मोज.”

तर आता मी मोजते. दुपारी चारला बाळाला घेऊन त्यांच्या जिन्यात बसते. दुसऱ्या मजल्यापासून गल्लीपर्यंत बत्तीस पायऱ्या आहेत. व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांच्या खाली एक पायरी उभी असते. पहिल्या आठवड्यात दोन पायऱ्या झाल्या आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. मी आकडा ग्रुपवर लिहिला, आणि त्याखाली, कोणी न विचारता, त्या गुरुवारचं खरं काय ते लिहिलं. संध्याकाळी लांबीने लिहिलं, ‘उद्याचा आकडा विसरू नकोस.’ बाकीच्या दोन आठवड्यांनी बोलल्या. एक अजून बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

हॉलवरची चिमुरडी मुलं आता दुसऱ्याच कोणाकडे शिकतात. सरांना चेंडूचा आवाज खिडकीतून ऐकू येतो. परवा ते म्हणाले, हा नवा माणूस पहिल्याच दिवशी चेंडू देतो वाटतं. मी म्हटलं, तुम्ही बत्तीस उतरा आणि जाऊन सांगा त्याला. तेवढं चिडवायची हिंमत आलीय मला. पण डॉक्टरांनी बत्तीसचं नाव काढलेलं नाही, आणि तेही मला माहीत आहे. काल अकरा झाल्या. अकराव्या पायरीवर ते थांबले, दम खाल्ला आणि बाळाकडे बघत म्हणाले, “हिचे पाय चांगले आहेत. चेंडू देऊ नकोस इतक्यात.”

सकाळची पाळी मी मागून घेतलीय, सलग तीन महिन्यांची. फोन उशीशी असतो, आवाज पूर्ण. बाळ किंचाळतं तर किंचाळू दे. पहिल्याच घंटीला मी उचलते आणि सर वैतागतात, मिस्ड कॉल आहे हा, उचलतेस काय. मी म्हणते, काहीतरी बोला आणि मग ठेवा. ते म्हणतात, काय बोलू? आणि तेवढं पुरतं.

तुमच्याही फोनच्या यादीत असं एखादं नाव असेल. रोज ठरल्या वेळी दिसतं, म्हणून तुम्ही ते बघता आणि पुढे सरकता. आज यादीत बघू नका. आत्ताच, हे बाजूला ठेवून, तो नंबर लावा आणि पलीकडून आवाज येईपर्यंत वाजू द्या. आणि नाहीच आला, तर कोणाला काही विचारत बसू नका. चपला घाला आणि जा.